चिखल कोणी केला

मु. खडकवाडी, पो. पोलादपूर, जि. कुलाबा
ता. २१ एप्रिल १९६३

चि. बया हीस,

येसाजीदादाचा आशीर्वाद. तू, सदू आणि सूनबाई प्रयाग तिघंही बरी असाल असं धरून चालतो, कारण कळवणारं तिकडून कुणी नाय. इकडे तुझी वहिनी तुळजा बरी हाय, गुडघे सोडून. कपिली व्यायली, पाडी झाली. आंबा यंदा खूप मोहरला, पण ढगाळीने अर्धा गळून गेला. तुझ्या घराची शाकारणी मी माणसं लावून करून घेतली. कुलूप गंजलं होतं, त्यात तेल सोडलं. आत गेलो नाय.

दिवाळीला पाठवलेली तांदळाची गोण एस.टी.ने परत आली. शिवण होती तशीच होती. तुळजा म्हणाली, उघडून तरी बघायची होती त्यांनी. मी म्हटलं, काय बघायचंय, तांदूळ कुठल्या खाचरातला ते बयाला न उघडता कळतं. तो तांदूळ आम्हालाही शिजवून खाववला नाय.

पत्र सदू वाचून दाखवतो हे मला ठाऊक हाय. सदू, बाबा, एवढं कर. मध्ये गाळू नको आणि आईचं तोंड बघून थांबू नको. मामाला शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाल, तोपर्यंत पत्र संपलेलं असेल.

सांगायची गोष्ट अशी की पाडव्यानंतर वाडीत एक मास्तर आले होते. महाडच्या शाळेत नवीन लागलेत. पोरगेलाच माणूस, चष्मा, खांद्याला पिशवी. वही उघडून बसले तसं आम्हाला वाटलं जनावरांची मोजणी आली. सयाजीने तर आधी बकऱ्या रानात हाकलल्या आणि मग येऊन रामराम केला. तर मास्तर म्हणाले, मी शब्द गोळा करतो. शब्द गोळा करतात म्हणे! करवंदं गोळा करावीत तसे. इकडच्या डोंगरात असे शब्द हायत जे पुस्तकात नायत, ते लिहून ठेवले पायजेत, म्हातारी माणसं गेली की जातील, असं त्यांचं म्हणणं. ठमाआत्याकडे बघून म्हणाले. ती म्हणाली, मी काय एवढ्यात जात नाय, सावकाश लिव.

पावसाचे शब्द झाले, भाताचे झाले, भांड्याकुंड्यांचे झाले. मग त्यांनी विचारलं, नाचाला तुम्ही काय म्हणता? सयाजी म्हणाला, नाचाला नाच म्हणतो. सगळे हसले. मास्तर म्हणाले, तसं नाय, आपसात, गमतीत काही म्हणत असाल. सयाजीने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. मास्तरांना वाटलं शब्द वंगाळ असेल, ते बिचारे लाल झाले.

तीन वर्षं तो शब्द वाडीत माझ्यासमोर कुणी काढलेला नाय, बया. गणपतीत गडी घुंगरू बांधतात तेव्हाही मी आलो की गप्प होतात. मला राग आला. माझाच मला. मी म्हणालो, लिहा मास्तर. चिखल. आम्ही नाचाला चिखल म्हणतो. नाचलो असं म्हणत नाय, चिखल केला म्हणतो.

तुला हे सांगायला नको, पण सदू लहानपणापासून मुंबईत आणि प्रयाग घाटावरची, त्यांना कळावं म्हणून फोड करतो. प्रयाग पोरी, शेतातला चिखल तुला ठाऊक हाय. आषाढात खाचरात पाणी तुंबवून, नांगर फिरवून, तुडवून माती लोण्यासारखी करतात आणि मग भात लावतात, तो चिखल. चिखल ज्याने केला त्याने शेत केलं. आणि आमचा दुसरा चिखल म्हणजे गौरीगणपतीतला फेर. तो शब्द फेरात उभ्या राहणाऱ्या गड्यांचा. आमच्या पिढीत बायकांच्या तोंडी तो नव्हता, बया नाचच म्हणायची. तुझा सासरा कुशाबा त्या फेराचा म्होरक्या होता. उजव्या पायात घुंगरू बांधून तो उतरला की पोलादपूरच्या बाजारातली माणसं बघायला वर चढून यायची.

मास्तरांनी विचारलं, नाचाला चिखल का म्हणता? सयाजी म्हणाला, भाद्रपदात अंगण ओलं असतं, पंधरा गडी रात्रभर नाचले की चिखल होणारच, त्यावरून. मी म्हणालो, तसं नाय, पायाच्या चालीवरून. टाच दाबायची, मग पाऊल ओढून काढायचं, गाळात रुतलेला पाय काढतो तसं. मास्तरांनी दोन्ही लिहिलं.

मग ठमाआत्या बोलली. ती म्हणाली, दोघंही गाढव हायसा. तिच्या सासऱ्याच्या वेळी खोताची वेठ होती. खोताच्या शेतात राबायचं, फुकट, बोलावलं की जायचं. नाचाच्या तयारीला गडी जमायचे ते खोताला खपत नसे, म्हणे नाचायला अंगात जोर हाय तर माझ्याकडे या. तर खोताचा माणूस दारात आला, धनी कुठं म्हणाला, की बायकांनी सांगायचं, चिखल करायला गेलेत. खोताच्या माणसाला वाटायचं शेतात हाय, तो परत जायचा. गडी रानात नाचत असायचे. खोताला फसवायला काढलेला शब्द तो.

मास्तर खूश झाले. माझ्या बापाला ही गोष्ट ठाऊक असणार, त्याने मला का सांगितली नाय कोण जाणे.

मास्तरांची एक रीत होती. प्रत्येक शब्दापुढे ते एक वाक्य लिहून घ्यायचे. म्हणाले, वापरून दाखवा, साधं वाक्य सांगा तुमच्या बोलण्यातलं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून काढलं नाय. मी म्हणालो, "कुशाबा गेला त्या साली वाडीत कुणी चिखल केला नाय." मास्तरांनी ते तसंच लिहिलं आणि पुढे लिहिलं, म्हणजे कुणी नाचलं नाही. मला वाचून दाखवलं, बरोबर का म्हणून विचारलं. मी रडलो गो. पंचावन्न वर्षांचा बाप्या, पोरासमोर रडलो.

आता त्या दिवसाचं लिहितो. तू कचेरीच्या व्हरांड्यात बसली होतीस, तुला आतलं काही दिसलं नाय. तुला एवढंच कळलं की दादाने साक्ष फिरवली. खोताने दादाला विकत घेतला असं खालच्या वाडीत बोलतात तेही मला ठाऊक हाय. विकत घेतला असता तर बरं झालं असतं, निदान काही कारण सांगता आलं असतं.

सदू, तू तेव्हा मुंबईतच होतास. खाचर खोताच्या नावावर, कसायचा तुझा बाप. कायदा आला, कसेल त्याची जमीन. पण कुशाबा ज्येष्ठात गेला आणि कायद्याला नेमका त्याच पावसाचा पुरावा पायजे होता, छप्पन सालचा. खोत म्हणाला शेत पडीक होतं. तुझ्या आईने सांगितलं मी केलं. आणि तिने केलं होतं! एकच बैल उरला होता, जू दुसऱ्या बाजूने तिने खांद्यावर धरलं. बैल बसला तेव्हा पायाने तुडवलं, चार दिवस. मी बघितलंय. मी दोन दिवस माझा बैल दिला आणि तिसऱ्या दिवशी माझं शेत खोळंबलं म्हणून परत नेला, हेही लिहितो, कारण हेही कधी बोललो नाय. साक्षीदार म्हणून माझं नाव तिने दिलं. सख्खा भाऊ, शेजारचं शेत, चौथी शिकलेला. मी एवढंच सांगायचं होतं की चिखल बयाने केला.

खोताचा वकील गोड माणूस. मला म्हणाला, येसाजीराव, कुशाबाला मी ओळखत होतो, काय नाचायचा हो, गौरीत आम्ही मुद्दाम बघायला यायचो. मला बरं वाटलं. परक्या जागेत आपल्या माणसाचं नाव कुणी असं घेतलं की छाती भरून येते. तो म्हणाला, तुम्ही मेव्हणे आणि जोडीदारही. मी म्हणालो होय, वीस वर्षं. मग म्हणाला, तो गेला आणि तीन महिन्यांत गणपती आले असतील ना? मी होय म्हणालो. तेव्हा त्याने आवाज खाली आणून विचारलं, मग त्या साली वाडीत चिखल कोणी केला?

बया, मला कुशाबा दिसत होता. तो गेल्यावर तू मला म्हणाली होतीस, दादा, औंदा घुंगरू बांधू नको, आणि मी गणपतीसमोर शब्द दिला होता. मला वाटलं हा विचारतोय की मेल्या माणसाचं सुतक तरी पाळलं का. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "कुणी नाय केला. कुशाबाच्या मागे कोण चिखल करील?"

कारकुनाने लिहिलं. वकील खाली बसला. त्याला आमचा शब्द ठाऊक होता, की त्याने साधा शेताचा प्रश्न विचारला आणि मी खड्ड्यात पडलो, हे मला मरेपर्यंत कळायचं नाय.

इथपर्यंतचं मी तुला कुणाच्या तरी तोंडून कळवलं असतं. चूक झाली, शब्दाचा घोटाळा झाला, असं म्हटलं असतं तर तू कदाचित मला दारात उभा केला असतास. पण पुढचं हाय. सदू, थांबू नको.

कारकुनाने लिहिलेलं वाचून दाखवलं. 'सन १९५६ च्या पावसाळ्यात सदर जागी चिखलणी कोणीही केली नाही.' मी ऐकलं. मला कळलं, बया. सही करायच्या आधी कळलं. मी म्हणालो, साहेब, तो चिखल नव्हं. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, मग कोणता? मी म्हणालो, नाचाचा. सगळी कचेरी हसली. दाराशी उभे होते तेही हसले. वकील म्हणाला, वा, खटला बुडायला लागला तसा चिखलाचा नाच झाला!

साहेब हसले नायत. तो माणूस देवासारखा होता, मी त्याला बोल लावणार नाय. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, असा शब्द असेल तर मी नोंद करतो. कसा असतो हा चिखल, दोन पावलं टाकून दाखवा.

दोन पावलं. टाच दाबायची आणि पाऊल ओढून काढायचं. सहा वर्षांच्या पोराला येतं.

मी नाय टाकली.

का नाय टाकली ते आजवर कुणाला सांगितलेलं नाय, तुळजालाही नाय. मी नऊ वर्षं मुंबईत होतो, हापिसात शिपाई होतो असं तुम्हाला सांगितलं. मी शिपाई नव्हतो. गिरगावात एका बिऱ्हाडी घरगडी होतो. भांडी घासायचो, पोरांना फिरवायचो. तिथे मला येसाजी कुणी म्हटलं नाय. बाल्या म्हणायचे. आपल्या जुन्या गड्यांच्या कानात बाळ्या असायच्या, त्यावरून म्हणे कोकणातला प्रत्येक गडी बाल्या. आपल्या नाचालाही ते बाल्यांचा नाच म्हणतात. संध्याकाळी पाहुणे आले, चहा झाला, की मालकीणबाई हाक मारायच्या, बाल्या, जरा नाचून दाखव रे. हातातली भांडी ठेवून, ओल्या हातांनी, त्यांच्या दिवाणखान्यातल्या फरशीवर मी नाचायचो. फरशीवर आवाज येत नाय आणि घुंगरूही नाय. त्यांची पोरं माझ्या मागे माझी नक्कल करायची. वाईट माणसं नव्हती, दिवाळीला नवीन कपडा द्यायची. मी नोकरी सोडून गावी आलो तेव्हा ठरवलं, पुन्हा कुणी दाखव म्हटलं तर नाचायचं नाय. नाचीन तर माझ्या देवापुढे, माझ्या माणसांत.

साहेब चांगल्या मनाने म्हणाले. पण मला ऐकू आलं ते तेच. दारातली माणसं बघायला पुढे सरकली, त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, आता गंमत बघ. माझे पाय जमिनीला खिळले. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या साहेब, लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या." साहेबांनी दोनदा विचारलं. दोनदा मी तेच म्हणालो. आणि सही केली. अंगठा नाय, सही.

दोन पावलं न टाकता माझी अब्रू मी राखली आणि तुझं शेत दिलं. ह्यात खोताचा काही हात नाय.

आणि त्यानंतर तू जे केलंस ते मला रोज खातं. महिन्याने माझ्या खाचराची सुनावणी होती. तुझं नाव साक्षीला आधीपासून होतं. तू येणार नाय असं तुळजाही म्हणाली, आली तर बुडवायला येईल. तू आलीस. साहेबांनी विचारलं आणि तू सांगितलंस, चिखल येसाजीने केला, मी बांधावरून बघितला. तुझ्या तोंडाने माझी जमीन मला मिळाली, माझ्या तोंडाने तुझी गेली. बाहेर मी तुझ्या पायाशी वाकायला गेलो, धाकट्या बहिणीच्या, तर तू पाय मागे घेतलेस आणि म्हणालीस, "दादा, मला दिसलं ते मी बोलले." तिथूनच एस.टी. धरलीस. आमच्या घरचं पाणीदेखील घेतलं नायस.

तू गेल्यावर मी हातपाय हलवले नायत असं नाय. माझं खाचर तुझ्या नावावर करावं म्हणून गेलो. कारकून म्हणाला, कायद्याने मिळालेली जमीन वरच्या परवानगीशिवाय कुणाला देता येत नाय, बहिणीलाही नाय. अर्ज केला. नामंजूर होऊन आला. दुसरा केला, त्याचं उत्तरच नाय.

आता हे मास्तर. मी सगळं सांगितल्यावर पोरगा अस्वस्थ झाला, दोन दिवस जेवला नाय म्हणे. त्याने वहीतला शब्द, अर्थ, ते वाक्य असं सगळं सुंदर अक्षरात उतरवून दिलं, खाली सही केली आणि मला घेऊन स्वतः महाडला एका वकिलाकडे गेला. मला आशा वाटली, खोटं कशाला बोलू. गाडीत मी मनात तुला पत्र लिहीत होतो, ते वेगळं पत्र होतं. वकिलाने कागद वाचला. म्हणाला, छान आहे, शब्द मलाही माहीत नव्हता. पण अपिलाची मुदत केव्हाच गेली. खाचरही खोताने मागच्या वर्षी एका लाकडाच्या व्यापाऱ्याला विकलं. आता ह्या कागदाचा उपयोग शाळेत.

मास्तर बाहेर येऊन माझी माफी मागत होते. त्यांनी काय केलंय? मी म्हणालो, मास्तर, तुमच्या वहीत बरोबर लिहिलंत, तेवढं पुरे. पुरे काय, काही पुरे नाय. पण त्याला तरी किती रडवायचं.

व्यापाऱ्याने शेत केलेलं नाय. बांध दोन ठिकाणी फुटलाय, आत लाकडाचे ओंडके रचलेत. परवा मी तिथे गेलो होतो. मास्तरांना चाल बघायची होती, त्यांनी भीत भीत विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. तुझ्या खाचरात, सुक्या मातीत, मी पावलं टाकून दाखवली. दोन नाय, पुरा फेर. कुणी हसलं नाय. मास्तर लिहीत होते. नाचता नाचताच मला कळलं की ह्याने काही होत नाय. सोपं होतं, बया. फार सोपं होतं.

माफी मागत नाय. मागायची तर काय म्हणून मागू, मला वाक्यच सुचत नाय. आषाढात माझ्या खाचरात चिखल करायला येशील का, असं लिहायचं मनात होतं. पण परक्याच्या सातबाऱ्यावर राबायला तुला बोलवायला माझी जीभ उचलत नाय. गोण पुन्हा पाठवीन. परत केलीस तरी पुढल्या वर्षी पाठवीन.

तुळजा म्हणते मी हल्ली एकटाच बडबडतो. बरोबर हाय तिचं. सकाळी गोठ्यात, बांधावर, नदीवर गुरं पाजताना, मी एकच वाक्य बोलतो. छप्पन साली चिखल बयाने केला, मी बघितला. रोज बोलतो. लिहून घेणारं कुणी नाय.

तू म्हणशील तर तुझा भाऊ, नाय तर नुसता,
येसाजी